पौर्णिमेचा खाडा



वैशाख पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आपल्या वस्त्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. विहार झाडूनपुसून झालेला असतो, पंचशील ध्वज लागलेले असतात, खिरीची वर्गणी जमलेली असते. आणि आसनगावच्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी ताई ओट्यावर बसून विचारते, "उद्या राहू का जाऊ? राहिले तर खाडा पडेल." मुरबाडच्या एमआयडीसीत हेल्पर असलेला दादा म्हणतो, "कॅलेंडरात लाल तारीख आहे ना?" त्यावर तिसरा कोणी उत्तर देतो, "लाल तारीख साहेबांना. आपल्याला हजेरी."

तिघांचेही बोलणे खरे आहे. घरी राहिले तर दिवसाची मजुरी बुडते. कामावर गेले तर वंदना चुकते आणि थकलेल्या शरीरावर आणखी एक दिवस चढतो. आरोग्याच्या पानावर सुट्टीचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्याला विश्रांतीच नाही त्याला दवाखान्यातल्या गोळीचा उपयोग अर्धाच होतो, आणि ज्याला पगारासह विश्रांती नाही तो डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेऊच शकत नाही. म्हणून या पाठात आपण आधी एका बौद्ध देशात सुट्टीची व्यवस्था कशी आहे ते पाहू. मग आपल्या कायद्यात काय आहे आणि त्यातले किती आपल्या पदरात पडते याचा हिशेब करू.

श्रीलंकेतील पोया

श्रीलंकेच्या लोकसंख्येत सुमारे ७० टक्के बौद्ध आहेत. बाबासाहेब १९५० साली तिथे गेले होते, कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला. या देशात प्रत्येक पौर्णिमा ही सार्वजनिक सुट्टी असते. तिला तिथे 'पोया' म्हणतात. हा शब्द 'उपोसथ' याच शब्दापासून आला आहे. वर्षाला अशा बारा, कधी तेरा सुट्ट्या येतात. आपल्या वैशाख पौर्णिमेला तिथे 'वेसाक' म्हणतात आणि तेव्हा पौर्णिमेचा आणि दुसरा असे दोन दिवस सुट्टी असते. रस्तोरस्ती आकाशकंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देणारे मांडव उभे राहतात. ज्येष्ठ पौर्णिमेला 'पोसोन', म्हणजे अशोकपुत्र महेंद्र लंकेत धम्म घेऊन आले त्याची आठवण. डिसेंबरच्या पौर्णिमेला संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी आणली त्याची आठवण.

ही सुट्टी नुसती रूढी म्हणून चालत आलेली नाही, तिच्यामागे १९७१ चा सुट्ट्यांचा कायदा आहे. पोयाच्या दिवशी खासगी नोकरीतल्या माणसाला कामावर बोलावले तर त्या दिवसाची मजुरी दीडपट द्यावी लागते. त्या दिवशी दारूची विक्री बंद असते.

या कायद्याआधी तिथे एक मोठा प्रयोग झाला. १९६६ ते १९७१ या काळात श्रीलंकेने रविवारची सुट्टी बंद करून चंद्राच्या चारही कलांना, म्हणजे अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टमींना, आठवडी सुट्टी दिली. पण चंद्राचा आठवडा कधी सात दिवसांचा, कधी आठ दिवसांचा. बाहेरच्या देशांशी व्यापार, बँका, शाळा यांचा मेळ बसेना. शेवटी रविवार परत आला आणि पौर्णिमा तेवढी सुट्टी म्हणून राहिली. यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की सुट्टी नुसत्या श्रद्धेवर टिकत नाही. ती व्यवहारात बसवावी लागते आणि कायद्यात लिहावी लागते.

श्रीलंकेच्या यादीत दिवाळी, ईद आणि नाताळही आहेत. दुकाने व कार्यालयांतल्या कामगारांना तिथे पहिल्या वर्षानंतर वर्षाला १४ दिवस भरपगारी रजा आणि ७ दिवस नैमित्तिक रजा असते. थायलंड हा दुसरा बौद्ध देश. तिथे सणांच्या किमान १३ भरपगारी सुट्ट्या, वर्षभर काम झाल्यावर किमान ६ दिवसांची वार्षिक रजा आणि आजारपणात वर्षाला ३० दिवसांपर्यंत पगार आहे.

हे वाचून आपल्याला वाटेल, बौद्ध देशात जन्मलो असतो तर बरे झाले असते. पण थोडे थांबा. तिथेही हजेरीवर राबणारा मजूर आहे, आणि ज्याचे नाव कुठल्या पटावर नाही त्याच्यापर्यंत कायदा तिथेही कष्टानेच पोहोचतो. शिवाय आपला स्वतःचा कायदा अजून आपण उघडून पाहिलेला नाही. तो पाहण्याआधी तथागतांनी या विषयावर काय सांगितले ते पाहू.

मालकाची पाच कर्तव्ये

राजगृहात सिगाल नावाचा एक तरुण रोज सकाळी ओल्या वस्त्राने सहा दिशांना नमस्कार करायचा. तथागतांनी त्याला सांगितले, की खऱ्या सहा दिशा म्हणजे आपल्या आयुष्यातली माणसे आहेत. आई-वडील ही पूर्व, गुरू ही दक्षिण, पत्नी आणि मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, श्रमण ही वरची दिशा. आणि आपल्यासाठी राबणारे नोकर-कामगार ही खालची दिशा. तिचाही सन्मान करायचा.

मालकाने कामगाराशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी या सुत्तात आहेत. त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात त्याची काळजी घ्यावी. घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्याला वाटा द्यावा. आणि वेळोवेळी त्याला सुट्टी द्यावी. कामगारानेही काम चोख करावे, न दिलेले घेऊ नये, असे पुढे सांगितले आहे.

आज आपण ज्याला कामाचे तास, किमान वेतन, आजारपणाचा भत्ता, बोनस आणि भरपगारी रजा म्हणतो, ते पाचही हक्क इथे मालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहेत, तेही अडीच हजार वर्षांपूर्वी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये मालक आणि सेवक यांचा हा भाग घेतला आहे. वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतो तेव्हा हे पान आवर्जून वाचावे. रजा मागताना मान खाली घालायचे कारण नाही, हे ते पान शिकवते.

शरीराला सुट्टी का लागते

काम करताना स्नायू झिजतात आणि झोपेत, विश्रांतीत ते भरून येतात. झीज रोज होत राहिली आणि भरणी झाली नाही तर पाठ, मान, गुडघे, खांदे कायमचे धरतात. पॅकिंगच्या टेबलावर आठ-दहा तास उभे राहणाऱ्या बायकांच्या पायांच्या शिरा फुगतात. रात्रपाळी आणि दिवसपाळी सारखी बदलत राहिली तर झोप बिघडते, आणि झोप बिघडली की रक्तदाब आणि साखर दोन्ही वर सरकतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली तर ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात दिसले. आता आपला हिशेब करा. पडघ्याच्या गोदामात बारा तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास. कसारा लोकलमध्ये किंवा एसटीत उभे राहून जाण्या-येण्याचे तास वेगळेच.

उन्हाळ्यात वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, बांधकामावर असणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. सलग उन्हात, कमी पाण्यावर काम केले की मूत्रपिंडांवर ताण येतो. डोके गरगरणे, पायात गोळे येणे, लघवी गडद पिवळी होणे ही शरीराची सूचना असते. लगेच सावलीत बसावे, पाणी किंवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. बोलणे असंबद्ध झाले, भान हरपले किंवा अंग तापून कोरडे पडले तर ओल्या फडक्याने अंग पुसत ताबडतोब दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाला तोंडाने पाणी पाजू नये.

आपली सुट्टी कोणी आणली

रविवार ही सुट्टी गिरणी कामगाराला कोणी देणगी म्हणून दिली नाही. ठाण्यात जन्मलेले, जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरण्यांतल्या स्त्रियांसाठी बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन सलग वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे भरपगारी रजेवर बाबासाहेबांच्या हाताचा ठसा आहे. ती न घेता वाया घालवणे म्हणजे त्यांनी मिळवून दिलेले सोडून देणे.

लाल तारीख आणि आपली तारीख

आता त्या ओट्यावरच्या प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत बुद्ध पौर्णिमा आहे आणि १४ एप्रिलही आहे. पण ही यादी १८८१ च्या एका जुन्या कायद्याखाली निघते आणि मुख्यतः सरकारी कार्यालये व बँकांना लागू होते. खासगी कारखाना त्या यादीने आपोआप बांधला जात नाही. म्हणून साहेबांना सुट्टी आणि आपल्याला हजेरी, असे घडते.

मग आपल्याला काय लागू होते?

दुकाने, गोदामे, कार्यालये, हॉटेले यांच्यासाठी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. लहान दुकानांना तो पूर्णपणे लागू नसतो, पण मोठ्या गोदामांना लागू होतो. त्यात वर्षाला ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या असतात. या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी मिळाली पाहिजे. याशिवाय ८ दिवसांची नैमित्तिक रजा आहे.

ही "मिळून ठरवायची चार" म्हणजे आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. आपण कधी तोंडच उघडले नाही तर यादी वरून ठरून येते आणि बुद्ध पौर्णिमा तिच्यात नसते. दसरा बहुतेक ठिकाणी यादीत असतोच, म्हणजे अशोक विजयादशमी साधते. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा या दोन तारखा आपण मागायच्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी नैमित्तिक रजा आधीच राखून ठेवायची. मागणी डिसेंबर उजाडण्याआधी, लेखी आणि सगळ्यांनी मिळून करायची. सोबत काम करणाऱ्या मुस्लिम भावाला ईद हवी असेल, आदिवासी भावाला ९ ऑगस्ट हवा असेल. त्यांचीही मागणी आपल्याच अर्जात लिहा. एकट्याचा अर्ज टेबलाच्या खणात राहतो, पन्नास सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

कारखान्यात सणांच्या सुट्ट्यांची यादी करारानुसार किंवा स्थायी आदेशांनुसार ठरते आणि नोटीस बोर्डावर लागते. तिथेही रीत हीच.

वार्षिक भरपगारी रजेचे माप सोपे आहे: कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस. १९४८ च्या कारखाना कायद्यात ही रजा मिळण्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेले असावे अशी अट होती. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ती १८० दिवसांवर आली आहे. ३०० दिवस काम केलेल्याला १५ दिवस रजा येते. न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात जाते, आणि काम सुटले तर उरलेल्या रजेचे पैसे मिळतात. ठरल्या तासांपेक्षा जास्त काम केले तर त्या तासांची मजुरी दुप्पट दराने द्यायची असते.

आता श्रीलंकेचे १४ दिवस आणि थायलंडचे ६ दिवस आठवा. कागदावर आपण त्यांच्यापेक्षा गरीब नाही. आपली गरिबी मस्टरवर आहे. नाव ठेकेदाराच्या वहीत असते, सहा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, नाव नव्याने लागते आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात. माणूस तोच, मशीन तेच, पण रजा कधी पिकतच नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या हजेरीची स्वतःची वही ठेवावी: तारीख, पाळी, तास, ठेकेदाराचे नाव. गेटपास, ओळखपत्र, पगाराची पावती जपून ठेवावी. वाद झाला तर हीच वही बोलते.

आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा

पगाराच्या पावतीवर 'ईएसआय' अशी कपात आहे का, ते आज रात्रीच पाहा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या, ही योजना लागू असलेल्या ठिकाणच्या कामगारांसाठी हा राज्य कामगार विमा आहे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० रुपये वेतन असेल तर आपले महिन्याला सुमारे ११३ रुपये जातात. ठेकेदाराच्या माणसांचीही वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ कारखान्याच्या मालकावर असते. "तू ठेकेदाराचा आहेस" हे उत्तर इथे चालत नाही.

त्या बदल्यात काय मिळते ते पाहा.

सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या लाभ-काळात आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दिवसाला ५०० रुपये पडत असतील तर ३५०. साधारणपणे पहिले दोन दिवस धरत नाहीत. यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, नुसती खासगी दवाखान्याची चिठ्ठी पुरत नाही.

क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या ठराविक आजारांत, पुरेशी नोकरी आणि वर्गणी झालेली असेल तर ८० टक्के दराने अधिक काळ भत्ता मिळतो. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले काही आठवडे रोग्याला ताकद नसते आणि संसर्गाचा धोकाही त्याच दिवसांत जास्त असतो. पण मजुरी बुडेल या भीतीने माणूस खोकला लपवून कामावर जातो. त्यात त्याचे शरीर खचते आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही धोका होतो. म्हणून भरपगारी आजारी रजा ही एकट्याची सोय नाही, सगळ्या वस्तीचे संरक्षण आहे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात, मग रुग्ण ईएसआयचा असो वा नसो.

कामावर अपघात झाला, बोट मशीनमध्ये गेले, तर बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के मिळतात. त्यासाठी वर्गणीच्या दिवसांची अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मात्र अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. "घरी जा, आम्ही बघतो" यावर विसंबू नका.

बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे, त्यातले ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधी दोन मुले असतील तर १२ आठवडे. बऱ्याच जणींना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ईएसआय नसेल तिथे प्रसूती लाभाचा कायदा लागू होतो, आणि प्रसूतीच्या आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेले असले की मालकाला हा लाभ द्यावा लागतो. गर्भ गेल्यावर चौथ्या दिवशी उभे राहून पॅकिंग करायला लागणे, हे कोणत्याही बाईच्या वाट्याला येऊ नये. आपल्या सुना-लेकींना हे सांगा.

ज्यांचे नाव कुठेच नाही

भातलावणीला जाणारी, घरकाम करणारी, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले कुटुंब, यांना वरचे बहुतेक हक्क लागू होत नाहीत. इथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी करता येतात.

बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्याने बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. नोंदणी झालेल्या कुटुंबाला इतर मदतीबरोबर नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीसाठी २०,००० रुपये, दोन अपत्यांपर्यंत मिळतात. घरकाम करणाऱ्या बायकांनी एका इमारतीतल्या सगळ्या घरांना महिन्याच्या सुट्ट्या एकसारख्या सांगाव्यात. एकटीने मागितले की काम जाते, सगळ्यांनी मिळून मागितले की रीत पडते.

आणि वस्तीने आपला खाडा-निधी सुरू करावा. दर पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येक घराने जमेल तेवढी रक्कम टाकायची, वही सगळ्यांसमोर वाचायची. ज्याच्या घरात आजारपण किंवा बाळंतपण आहे आणि पगारी रजा नाही, त्याच्या काही दिवसांच्या मजुरीची सोय त्यातून करायची. खिरीच्या वर्गणीची आपली शिस्त चांगली आहे. तीच शिस्त इथे वापरायची.

एक आरसा आपणही पाहू. आपल्यातल्या ज्यांचे दुकान आहे, टेम्पो आहे, शेती आहे, ते मजूर लावतात. सिगालाला सांगितलेल्या पाच गोष्टी त्यांनाही लागू आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे नाचायचे आणि दुकानातल्या पोराला त्या दिवशी सुट्टी द्यायची नाही, हे धम्मात बसत नाही.

आईची सुट्टी

शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसा, वैतरणा या धरणांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन लांब चालतात. ते श्रम कोणत्याही मस्टरवर नाहीत, म्हणून त्यांना सुट्टीही नाही. कारखान्याला सुट्टी असली की घरात तिचे काम दुप्पट होते: धुणे साचलेले, पाहुणे आलेले, खीर करायची, भांडी घासायची.

पौर्णिमेला अष्टशील घ्यायचे ती बहुतेकदा घरातली आईच असते. त्या दिवशी पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी हे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावे. महिन्यातून एक दिवस दुपारी तिने पाय लांब करून झोपावे. पांडुरोग, पाठदुखी, वाढलेला रक्तदाब यांवर औषधाबरोबर ही विश्रांतीही लागते.

सुट्टी कशी घालवावी, तेही बोलायला हवे. पोयाच्या दिवशी श्रीलंकेत दारूची दुकाने बंद असतात. आपल्याकडे पगाराच्या सुट्टीला तिथेच गर्दी होते. दारूने आलेली झोप ही विश्रांती नव्हे. त्या झोपेत शरीर भरून येत नाही, आणि घरातल्या बाकीच्यांची झोप उडते ती वेगळीच. पाचवे शील पाळले तरच सुट्टी अंगी लागते.

या पौर्णिमेला करायच्या गोष्टी

१. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाची पगाराची पावती काढून ईएसआयची कपात आणि रजेची नोंद पाहा.

२. हजेरीची वही आजपासून सुरू करा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला रोज सांगा, तो लिहील.

३. एकाच कारखान्यात किंवा गोदामात जाणाऱ्यांची विहारात बैठक घ्या आणि पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा अर्ज तयार करा.

४. रजा नाकारली, वर्गणी भरलीच नाही असे दिसले, तर सरकारी कामगार अधिकारी किंवा ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

५. खाडा-निधीची पहिली वर्गणी टाका.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

तथागतांनी मालकाला सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी आपल्या कामाच्या ठिकाणी कोणत्या मिळतात? आपल्या हाताखाली कोणी असेल तर त्याला कोणत्या मिळतात? गेल्या वर्षी मजुरी बुडेल म्हणून आपल्या घरात कोणी आजार अंगावर काढला? आईने शेवटची सुट्टी कधी घेतली?

पुढच्या वैशाख पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी त्या ओट्यावर पुन्हा बोलणे होईल. ती ताई "राहू का जाऊ" असे न विचारता "उद्या वंदना किती वाजता?" असे विचारील, एवढे यंदा आपल्या हातून व्हावे.

जयभीम. नमो बुद्धाय.